डोहाला मी लावलेला नियम

आमच्या गावाखालच्या ओढ्याला एक डोह आहे. धरणाचा रस्ता सोडून भातखाचरांच्या बांधांवरून दहा मिनिटं चालायचं आणि करवंदीच्या जाळीतून खाली उतरायचं. काठावर उंबर आहे आणि उंबराच्या बुडाशी शेंदूर फासलेले सात दगड. त्या आमच्या साती आसरा, पाण्यातल्या बाया. बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडली की बायका तिला घेऊन तिथं येतात, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवतात आणि मागं न बघता घरी जातात. डोहात मात्र कोणी उतरत नाही. पोरांना पोहायला शिकवायचं तर वरच्या बंधाऱ्यावर नेतात. म्हशीसुद्धा तिथं पाण्यात घालत नाहीत.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय मी काय करून ठेवलं ते कळायचं नाही.

मी चौथी शिकलो, तीही रडतखडत. देहूरोडला लष्कराच्या डेपोत पेट्या उचलल्या, सुट्टीच्या दिवशी शेती केली आणि कुणापुढं मान वाकवली नाही. हे लिहिताना शब्द चुकले तिथं नातीनं सुधारले आहेत. वाक्यं माझी आहेत, त्यांना तिला हात लावू दिला नाही.

ही नात तळेगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिला एका परदेशी गोष्टीचं वेड आहे. गोष्टीची जाडजाड पुस्तकं आहेत, कार्टूनही आहे. त्यात जादूगार आहेत, पण मंत्र म्हटला आणि काम झालं, असं तिथं नाही. जादूगारानं आपलं काहीतरी कायमचं द्यायचं, तेव्हा जादू होते. कुणी आवाज देतो, कुणी सावली देतो, कुणी एखादी आठवण. दिलेलं पुढं कुठं जातं हे मात्र लिहिणाऱ्यानं सांगितलेलंच नाही आणि त्यावर जगभरची पोरं फोनवर भांडतात. एक म्हणतो ते सगळं जमिनीखाली साठतं. दुसरी म्हणते ते अजून न जन्मलेल्या जादूगाराला मिळतं. प्रत्येकाचा आपला तर्क, त्याला ते थिअरी म्हणतात. नातीच्या ग्रुपात पुण्याकडची तीस-चाळीस मंडळी. त्यांनी ठरवलं, जादूचे नियम त्या गोष्टीतले घ्यायचे, जागा आपल्याकडच्या घ्यायच्या आणि फोनवर खेळायचा एक खेळ करायचा.

जेवताना हे रोज कानावर पडायचं. एक दिवस राहवलं नाही.

"दिलेलं कुटं जातं म्हून भांडताय व्हय?" मी म्हणालो. "पाण्यात जातं. हितं आपल्या डोहात. त्या गोऱ्या माणसाला काय ठावं त्यातलं?"

नातीचा घास हातातच राहिला. "आबा, हे नीट सांगा. सगळ्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी तिनं मला फोनसमोर बसवलं. मी आसरांचं सगळं सांगितलं. बांगड्या, दहीभात, मागं न बघणं. लपवत नाही, मला बरं वाटलं. घरात मी बोलायला लागलो की मुलाला नेमकं गाडी पुसायचं आठवतं. इथं इतकी शिकलेली माणसं गप्प बसून ऐकत होती. "आजोबा, जरा थांबा, लिहून घेतो," असं म्हणत होती.

मग त्यातला एक जण बोलला. "आजोबा, वातावरण भारी आहे. पण ही जादूची सिस्टीम होत नाही. इथं नुसतं 'जाऊ नका' आहे. गेलं तर मिळतं काय?"

"मिळतंय काय? जीव जातोय."

"मग जाईल कोण? किंमत आहे तर फळही पाहिजे ना. नाहीतर ही नुसती लहान मुलांना भिववायची गोष्ट झाली."

दोघं-तिघं हसली. वाईट बुद्धीनं हसली नाहीत, पण हसली. आणि त्यानं बोलता बोलता खरं तेच सांगितलं होतं. ती गोष्ट पोरांना भिववायचीच होती. तिच्या भीतीनं आमची पोरं त्या पाण्यापासून लांब राहिली, मोठी झाली, त्यांना पोरं झाली. एवढंच मी म्हणायला पाहिजे होतं. पण माझ्या देवाला कमी लेखलं, असं मला झोंबलं.

"सगळं काय भायेरच्याला सांगत न्हाईत आमी," मी म्हणालो. "फळ हाय."

आणि मी रचायला लागलो. सातव्या दगडाखालचा एक खडा घ्यायचा. तोंडात धरून डोहाच्या तळापर्यंत जायचं आणि तिथं ठेवायचा. वर आल्यावर मनातली एक गोष्ट मिळते आणि डोक्यातली एक आठवण जाते. कुठली जाते ते कळत नाही, कारण ती गेलेलीच असते.

फोनमध्ये सगळी एकदम ओरडली. नात माझ्याकडं अशी बघत होती की तसं माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं.

मी तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कुणीतरी विचारलं, त्या जागेला राखणदार नाही का? मी म्हणालो, "हाय की. म्हातारा असतो. तो आधी खोटं बोलतो, हितं काय न्हाई म्हणतो, माघारी घालवतो. जो फिरला तो कच्चा."

महिन्याभरात खेळ तयार झाला. नातीनं डोहाचे आणि दगडांचे फोटो काढून त्यात घातले. राखणदाराचं चित्र एका पोरीनं काढलं होतं. माझ्याच मिशा, माझीच टोपी, हातात काठी. ते मी फोनवर लावून घेतलं आणि पारावर सगळ्यांना दाखवलं.

"आबा, तुमी तर द्येव झाला की!" एक जण म्हणाला. "आता निवद तुमालाच आणायचा का?"

"द्येव न्हाई. राखणदार."

"मग आमच्या कोंबड्या राखा की. मुंगूस लय माजलंय."

सगळे हसले, मीही हसलो. पारावरच्या कुणालाही मी डोहाच्या तळाला जायचा नियम लावलाय हे मात्र सांगितलं नाही.

खेळ खेळणारे वाढत गेले तशा थिअऱ्याही वाढल्या. नात मला वाचून दाखवायची. एका दुपारी म्हणाली, "आबा, ही ऐका. सातवी आसरा मुळात आसरा नव्हतीच. ती बुडालेली मुलगी होती, म्हणून दगड तिच्याच खालचा घ्यायचा."

मी चहाचा कप खाली ठेवला. "कोण म्हणतंय असं?"

"माहीत नाही, नाशिकचा कोणीतरी. का हो?"

"उगीच."

उगीच नव्हतं. माझी एक बहीण होती, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी आठ वर्षांचा असताना ती त्या डोहात गेली. गावानं आसरांनी नेली म्हणून सांगितलं, आईनंही तेच धरलं. नातीला, माझ्या मुलालासुद्धा, मला बहीण होती हेच माहीत नव्हतं. आणि नाशिकच्या कुठल्याशा माणसानं घरबसल्या तर्कानं ती सातव्या दगडाखाली आणून ठेवली होती. तेव्हापासून तो खेळ मला नको वाटायला लागला. पण "मी खोटं सांगितलं" एवढे तीन शब्द नातीसमोर तोंडातून निघेनात.

श्रावणातला रविवार होता. तिकोणा पेठेकडच्या रस्त्यावर लोणावळ्याहून येणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली. मी खाचराचा फुटलेला बांध लिंपत होतो. तिघं जण बांधावरून आली, दोन पोरं आणि एक पोरगी, पंचविशीच्या आतबाहेरची. एकाच्या गळ्यात पोहायचा चष्मा होता. पोरगी मला बघून जागीच थांबली.

"अरे, राखणदार! खरंच आहेत!"

तिघंही चिखलात वाकून माझ्या पाया पडली. क्षणभर, लाज वाटते सांगायला, पण मला बरंच वाटलं.

मग विचारलं, "कुटं चाललाय?"

"डोहावर."

"तितं काय न्हाई. माघारी जा."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि हसली. चष्मेवाला म्हणाला, "बघ, बोललो होतो ना? पहिल्यांदा हेच म्हणणार."

ती पुढं निघाली. मी फावडं टाकून त्यांच्या मागं उतरलो. डोंगरावर पाऊस चालू होता, ओढा लाल झाला होता. वर ओढ्याचा आवाज कानात बसत होता, पण डोहावर आलं की आवाज नाही. पाणी तिथं नुसतं फिरतं. चष्मेवाल्यानं शर्ट काढून उंबराला अडकवला.

"पोरा, ऐक," मी म्हणालो. "खडा, तळ, फळ, समदं माझ्या मनाचं हाय. मी खोटं बोललो."

"आजोबा, तुम्ही कमाल करताय," पोरगी म्हणाली. तिनं फोन माझ्या तोंडासमोर धरला होता. "परत एकदा बोला ना. मघाशी आवाज नीट नाही आला."

तेव्हा मी साठ-पासष्ट वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बहीण धुणं धूत होती. माझा सदरा पाण्यावर वाहत गेला. नवा होता, मी हंबरडा फोडला. ती म्हणाली, थांब रडू नको, आणि सदऱ्यामागं गेली. खाली खडकाची एक कपार आहे, पाणी माणसाला तिच्यात ओढतं. तिसऱ्या दिवशी ती तिथं सापडली. तिला कुठल्या आसरांनी नेलं नाही. माझ्या रडण्यानं नेलं.

दुसरा पोरगा हळूच म्हणाला, "हे ग्रुपवर का नाही टाकलं? हाच तर मेन भाग आहे."

आणि चष्मेवाला सातव्या दगडाशी वाकला.

पुढं मी काय केलं ते कसं केलं, मला आजही सांगता येत नाही. त्याला बाजूला लोटून मी तो दगड उपटला. शेंदराचे थर इतके होते की बोटं रुतली. आईनं त्याला कुंकू लावलं होतं, बायकोनं लावलं होतं, नात झाली तेव्हा सुनेनं लावलं होतं. मी तो दोन्ही हातांनी डोहात फेकला. फार आवाजही झाला नाही.

"झालं?" मी म्हणालो. "आता कशाखालचा खडा घेतोस?"

तिघंही घाबरली. माझ्या हाताला लाल चिकटलं होतं, ते रक्त वाटलं असेल. चष्मेवाल्यानं शर्ट न घालता नुसता काखेत मारला. करवंदीच्या जाळीतून वर जाताना पोरगी मागं वळून वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यातून तेवढ्याच आकाराचा, नारळाएवढा दगड शोधला, शेंदूर फासला आणि जागेवर बसवला. पुढच्या आठवड्यात एक बाळंतीण आली. बायकांनी सातही दगडांना कुंकू लावलं, बांगड्या ठेवल्या. कुणाला काही कळलं नाही. मी बांधावरून बघत होतो. देवाशी असा खोटेपणा मी आयुष्यात केला नव्हता, पण तो पचला असं वाटलं.

दगड फेकला त्याच दिवशी नातीला सगळं सांगितलं होतं. ती रडली, मग माझ्यावर चिडली, मग तिनं खेळ बंद केला. पण तोवर लोकांनी त्याच्या नकला करून ठेवल्या होत्या. आणि गणपतीच्या आधी ती फोन घेऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. कुणीतरी दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक तिनं काढलेला, एक कुणा येणाऱ्याजाणाऱ्यानं नंतर काढलेला. सातव्या दगडावर लाल बाण. जुन्याचा खांदा उडालेला होता, नव्याचा शाबूत. गावातल्या बायकांना समोर बसून कळलं नाही ते याला घरी बसून कळलं होतं. खाली लिहिलं होतं, "खरा दगड तळाशी आहे. राखणदाराने स्वतः ठेवला." आणि त्याच्याही खाली, पाणी कधी उतरतं, श्वास किती धरावा लागेल, यावर बोलणं चाललं होतं.

"तू लिही की, आबा खोटं बोलला म्हून."

"लिहिलं आबा. चारदा लिहिलं. ते म्हणतात, राखणदाराची नात आहे, ती असंच म्हणणार."

इतके दिवस तळाशी काही नव्हतं. आता आहे, आणि ते मीच तिथं घातलं आहे.

म्हणून हे कागदावर लिहून छापायला देतो आहे. तो दगड ओढ्यातल्या कुठल्याही दगडासारखा आहे. त्यानं कुणाला काही मिळत नाही. तो मी फेकला, रागानं फेकला. खाली गाळ आहे, उंबराची मुळं आहेत आणि ती कपार आहे. माझ्या हयातीतलं एक माणूस तिनं घेतलं आहे. ज्यांना हे कुणाला वाचून दाखवता येईल त्यांनी दाखवावं. बायकांनी मला काय बोलायचं ते बोलावं, मी ऐकून घेईन.

दर रविवारी मी डोहावर जाऊन बसतो. गुडघे साथ देत नाहीत, उतरायला वेळ लागतो. मागच्या रविवारी पोचलो तेव्हा खडकावर एक टॉवेल होता, निळा, नवाकोरा. माणूस नव्हतं. मी हाका मारल्या. दोन तास बसलो. मग पोलीस पाटलाला सांगितलं. लोणावळ्याहून डोंगरात माणसं शोधणारी पोरं आली, कमरेला दोर बांधून उतरली, गळ टाकले. काही लागलं नाही. कुणी हरवल्याची तक्रारही कुठं नाही. कुणीतरी विसरून गेलं असेल, असं पाटील म्हणतात.

टॉवेल त्यांच्या ओट्यावर दोरीला घातला आहे. आज सहावा दिवस. न्यायला कोणी आलेलं नाही.