जांभळीखालचं कॅन्टीन

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या तीन व्यापारी मालमत्तांची देखभाल मी बघते. मालक एकच, वयस्क सिंधी गृहस्थ. सगळे त्यांना शेठ म्हणतात. आर्थिक वर्ष संपत आलं की पुढच्या वर्षाचं बजेट त्यांच्यापुढे ठेवायचं असतं. लिफ्ट, पंप, रंगकाम यांच्या खाली झाडांची एक ओळ असायची. काटछाट सुरू झाली की पहिली तीच जायची. त्या वर्षी मी ठरवलं, अंदाजाने काही लिहायचं नाही. एकेक झाड जाणकाराला दाखवायचं, मगच खर्च मांडायचा.

झाडांची तपासणी करणाऱ्या एक बाई ठाण्याहून आल्या. उल्हासनगरच्या दुकानांसमोरचा गुलमोहर आणि बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या गाळ्यांमागचे अशोक यांची साधी छाटणी पुरेशी होती. शेवटी अंबरनाथच्या औद्योगिक गाळ्यांच्या आवारात आलो. तिथे एक जुनी, हिरवीगार जांभूळ होती आणि तिच्याखाली पत्र्याचं कॅन्टीन. आजूबाजूचे कामगार दुपारी तिथेच जेवत. बाई झाडाला वळसा घालून कॅन्टीनच्या विरुद्ध बाजूला गेल्या आणि उकिडव्या बसून काडीने माती उकरू लागल्या. बुंध्याजवळ जमिनीला भेग गेली होती आणि शेजारून अर्धवट बुजवलेला चर गेला होता.

"इथे चर कोणी खणला?" त्यांनी विचारलं. "मोठ्या मुळ्या कापल्यात. झाड कॅन्टीनकडे कललंय, आणि त्याला मागून धरून ठेवणाऱ्या मुळ्या याच."

"पडेल?"

"कधी, ते नाही सांगता येणार. पण मी आज त्या पत्र्याखाली जेवायला बसणार नाही."

जेवणाची सुट्टी होतच आली होती. शेठना फोन लावला, लागला नाही. मी वॉचमनकडून दोरी मागवली, झाड आणि कॅन्टीन यांच्याभोवती बांधून घेतली आणि कॅन्टीन बंद केलं. पोळ्या करणाऱ्या बायका पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. कामगार डबे घेऊन उन्हात उभे राहिले. कोणी हसलं, कोणी मला ऐकू जाईल असं बोललं. आपण उगाच तमाशा केला की काय, असं मला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या उल्हासनगरच्या ऑफिसात बजेटची बैठक होती. मी कागद काढते न काढते तोच कॅन्टीनवाले दादा आत शिरले. दादा अंबरनाथचेच, शेतकरी घरातले. गाळे उभे राहिले ती जमीन एकेकाळी त्यांच्या वडिलांची होती.

"ताई, माझा धंदा बंद करायचा हक कोनी दिला तुम्हाला? ती जांभूल माझ्या बापानं लावलीय. काय पन होत नाय तिला."

"दादा, त्या बाजूच्या मुळ्या तुटल्यात," मी म्हटलं.

शेठनी चष्मा काढला. "किसने तोड़ी?"

मला संशय होता, कारण चरातला नवा पाइप थेट कॅन्टीनच्या मोरीत गेलेला मी पाहिला होता. पण बोलले असते तर दादांची कॅन्टीनची जागाच गेली असती. मी कागद सारखे करू लागले.

"मी," दादा म्हणाले. "पान्याची लाइन घ्यायची होती. जेसीबीवाला बोलला मुल्या आडव्या येतात. मी बोललो, काप."

शेठ माझ्याकडे वळले. "झाड काढून टाक. एकदाच खर्च. दरवर्षीची झंझट नको."

आल्यापासून पहिल्यांदाच दादा खुर्चीत बसले.

तपासणीच्या बाईंनी सांगितलं होतं ते मी पुढे ठेवलं. या वर्षी नगर परिषदेची परवानगी घेऊन वरच्या फांद्या छाटून झाडाचा भार उतरवायचा, मग दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणि मुळ्या धरत नाहीत असं दिसलं तर तेव्हा काढायचं. कॅन्टीन मात्र कायमचं हलवायचं, तेही दादांच्या खर्चाने.

शेठनी कागद वाचला. "ठीक आहे. पण परवानगी येईपर्यंत काही झालं तर जवाब तू देणार."

मी हो म्हटलं.

परवानगीची वाट पाहत असताना एका दुपारी अचानक सोसाट्याचा वारा सुटला. मी आवारातच होते. धुळीने समोरचं दिसेना. झाड करकरायला लागलं. तेवढ्यात दादा दोरी ओलांडून कॅन्टीनकडे धावले. सामान हलवताना गॅसचा सिलिंडर आत राहिला होता.

"दादा, मागे या!" मी ओरडले. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचला नाही. भेगेच्या कडेची माती वर उचलली जाऊन पुन्हा खाली बसताना मला दिसत होती. दादा सिलिंडर फरफटत घेऊन बाहेर आले, आणि एक मोठी फांदी पत्र्यावर कोसळली. पत्रा मधोमध वाकला. खाली कोणी नव्हतं.

दादा जमिनीवर बसून राहिले. कोणीतरी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तोंडावरच मारलं. बापानं लावलेल्या या झाडावरून त्यांना चार शब्द सुनावावेत असं मला वाटत होतं. त्याऐवजी मी सिलिंडर आणखी लांब ढकलला.

परवानगी आल्यावर भार उतरवला. झाड बोडकं आणि बेढब दिसू लागलं, येणारा-जाणारा नावं ठेवायचा. आता त्याला पालवी आली आहे, पण कापलेल्या मुळ्यांच्या अंगाला ती विरळ आहे. भेग वाढलेली नाही. बाई तरीही भरवसा द्यायला तयार नाहीत, आणि दोरीच्या जागी आम्ही पक्कं कुंपण घातलं आहे. या वर्षी बजेटमध्ये झाडांना स्वतंत्र पान आहे. शेठनी ते वाचून नव्या रोपांचा खर्च निम्मा केला. तपासणीला हात लावला नाही. दादांचं कॅन्टीन मागच्या भिंतीशी चालतं. तिथे ऊन फार येतं म्हणून ते माझ्याशी अजून भांडतात.