तिठ्यावरचं शैक्षणिक साहित्य

आमच्या गावाने मला दिलेला शाप एकमताने मंजूर झाला. मतदारांत मीही होतो.

माझी पत्नी पालीजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शिक्षिका आहे. तिच्या चौथीच्या वर्गात स्वरा नावाची मुलगी. गणित फळ्यावर लिहून व्हायच्या आत उत्तर सांगायचं आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसायचं, हा तिचा दिनक्रम. वडील मुंबईत नोकरीला. "पोरगी इथे कंटाळते, मुंबईच्या शाळेत घालतो," म्हणत ते दाखला न्यायला गावी येऊन थडकले. स्वराला जायचं नव्हतं. पत्नीला तिला सोडवत नव्हतं.

"उद्या वर्ग गावात नेते," पत्नी म्हणाली. "जागोजागी कोडी. तिचे वडीलही बघू देत. अहो, पहिलं कोडं तिठ्यावर तुम्ही ठेवा. लक्ष वेधून घेईल असं काहीतरी!"

लक्ष वेधून घेण्याचा मला वर्तमानपत्रातला दीर्घ अनुभव आहे. कागद वाऱ्याने उडेल म्हणून नारळ घेतला. खडू सापडेना म्हणून त्यावर ओल्या कुंकवाने आकडे काढले: दोन, सहा, बारा, वीस आणि पुढे प्रश्नचिन्ह. नारळ घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना लिंबं लावली. (लिंबंही घरंगळतात, म्हणून ती अर्धी कापली!) तिन्ही रस्ते मिळतात तिथे, बरोबर मध्यभागी, हे सगळं मांडून मी चहाला घरी आलो.

परत गेलो तेव्हा तिठ्यावर अर्धा गाव जमला होता. दूधवाला माघारी फिरला होता. एसटी उभी होती. ड्रायव्हर नारळ ओलांडायला तयार नव्हता.

"करणीच ही! आकडे बघितलेस?"

"लिंबं पण कापलीत हो!"

स्वराच्या वडिलांनी मला गाठलं. "तुम्ही पेपरवाले ना? कोणाचं काम असेल?"

"चौकशी करावी लागेल," मी म्हणालो.

"असल्या गावात पोरीला ठेवू मी? आजच दाखला काढतो!"

आता खरं सांगणं भाग होतं. मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी गुरवांनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा, ज्या कोणी हा प्रकार केलान असेल..."

"होय महाराजा!" गाव गरजला.

"...त्याच्या पोटात अशी कळ येऊ दे..."

"होय महाराजा!"

शेजारी माझ्याकडे बघू लागले. (गप्प राहणं संशयास्पद दिसलं असतं!) मीही म्हणालो. खणखणीत.

इतक्यात पत्नी वर्ग घेऊन पोचली. रांग मोडून स्वरा पुढे धावली आणि नारळासमोर उकिडवी बसली.

"शिवू नको गो!" वडील किंचाळले.

"थांबा ना बाबा! दोनात चार मिळवले, सहात सहा, बारात आठ. म्हणजे विसात दहा. तीस! बाई, बरोबर?"

"बरोबर," पत्नी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, मी लक्ष वेधून घ्या म्हटलं होतं! गाव बंद पाडा नव्हे!"

आधी ड्रायव्हर हसला, मग सगळे. गुरवांना गाऱ्हाणं फिरवून घालावं लागलं: "लेकरू चुकलं, पदरात घे." (लेकराचं वय एकावन्न.) या वेळी "होय महाराजा" सर्वांत मोठ्याने स्वराच्या वडिलांनी म्हटलं.

मग ते मुलीशेजारी वाकले. "कंटाळा येतो का गो इथे?"

"आज नाही. बाई, पुढचं कोडं कुठाय?"

दाखला शाळेतच राहिला. मला कळही आली नाही. दोन्ही घरांत त्या दिवशी जेवण गोड लागलं.

संध्याकाळी स्वरा घरी आली. "काका, आता मी तुम्हाला कोडं घालते. सोपंच आहे, दुसरीचं."

मी अजून ते सोडवतो आहे. उत्तर पत्नीला ठाऊक आहे, पण सांगायची तिला बंदी आहे. स्वराने बजावून ठेवलंय, "नका सांगू बाई. काकांना थोडा वेळ लागतो, पण येतं हळूहळू."