पुतळीच्या तळपायावरची रेघ

माझी बायको पुतळी चप्पल पायात कमी आणि पिशवीत जास्त ठेवायची. तांड्यातून महागावच्या बाजाराला अनवाणी निघायची. गाव दिसू लागलं की फडक्याने पाय पुसायची, चपला घालायची आणि मालकिणीसारखी बाजारात शिरायची. परतताना त्याच जागी काढायची. "पाय झिजला त कातडं पुन्हा येते," म्हणायची, "चपलेले येते काय?" शुगर निघाल्यावर डॉक्टर ओरडले, मी ओरडलो. तिने दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि चपला पिशवीत ठेवल्या.

दुसरा नाद सुईचा. आमच्या बंजारा बायकांचा आरशांचा जुना पोशाख तिने कधीच सोडला होता, साडी नेसायची. टाके मात्र सुटले नाहीत. जरा बूड टेकलं की चिंधी मांडीवर. म्हशीच्या कपाळावरचा चांद असो की एसटीच्या खिडकीची जाळी, जे पाहिलं ते धाग्यात उतरवायची. "डोये इसरते," म्हणायची, "धागा नाही इसरत."

तीन वर्षांमागे मुलीने कोकणात बोलावलं. जावयाची नोकरी तिकडे. साठी उलटल्यावर आम्ही समुद्र पाहिला. मी भिऊन लांब उभा राहिलो. ही थेट ओल्या वाळूत फतकल मारून बसली आणि दोन्ही पाय आत खुपसले. पाच दिवस रोज तेच. बाजूला कुत्री लोळत होती.

"एवढं पानी," ती म्हणाली, "अन् एक वाफा भिजत नाही याच्यानं. कोनं बनवलं असन?"

"याडी, चप्पल घाल ना," मुलगी म्हणाली. आमच्यात आईला याडी म्हणतात.

"काहून? वाळू मऊ हाय माय, कापसावानी."

परत आल्यावर आठवडाभराने तिच्या उजव्या तळपायाच्या कडेला खाज सुटली. आधी काटा वाटला. मग सुतळीएवढी लाल, फुगीर रेघ उमटली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती बोटभर पुढे सरकलेली. सरळही नाही, वाकडीतिकडी. दारू पिऊन कोणी नांगर धरावा तशी.

मी पाहिलं आणि सांगून टाकलं, "नारू हाय."

माझ्या लहानपणी विहिरीचं पाणी पिऊन आमच्याकडे नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा जंतू तोंड काढायचा. माझ्या आईच्या पायातला नारू बापाने काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढला होता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नारू देशातून केव्हाचा गेला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी लागलं की नारू बाहेर येतो, एवढं माहीत होतं. मी बादली भरली, तिचा पाय त्यात बुडवला आणि तुरीची काडी घेऊन समोर बसलो.

"काय करून राह्यले, बुढेबुवा?"

"वाट पाहून राह्यलो. निंगन आता."

"मासोळी धरता काय? मंग गळाले कनिक त लावा."

दोन दिवस बादली झाली. कोणी निघालं नाही. तिसऱ्या दिवशी मी दाढीचं ब्लेड आणलं. म्हटलं, रेघेच्या टोकाला चीर देतो, तोंड सापडेल.

तिने झटक्याने पाय ओढून घेतला. तिच्या भावाचा पाय शुगरनेच गेला होता. अंगठ्याला बारीकशी जखम झाली, ती भरलीच नाही, आणि शेवटी पाय कापावा लागला. त्याला खाटेवर पडलेला तिने दोन वर्षं पाहिला होता.

"हात नोका लावू."

"अवं, एवढुशी चीर. माह्या बापानं..."

"तुमच्या बापाले चालाचं हाय काय या पायानं? पाय माहा हाय. हा गेला त मी कोनाच्या पायानं वावरात जाऊ? तुमच्या?"

"मंग काय, पाहत बसू?"

"मी पाहूनच राह्यली."

आणि तिने डब्यातून पांढरी चिंधी काढली. रोज सकाळी पायाजवळ धरून तिने ती रेघ जशीच्या तशी टाक्यांत उतरवली होती. एका दिवसाची वाढ लाल धाग्याने, दुसऱ्या दिवसाची हिरव्याने, तिसऱ्या दिवसाची पिवळ्याने.

"नारू एका जागी तोंड काढते, तुमीच सांगतलं. हे त रोज गाव बदलते. हे दुसरंच जनावर हाय."

मला राग आला. ब्लेड खिशात घातलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

सकाळी ती यवतमाळच्या एसटीत बसली. मी चार सीटा मागे बसलो. तिकीट तिनेच दोघांचं काढलं.

चामडीची डॉक्टरीण तरुण पोरगी होती. पाय पाहून तिने विचारलं, "रोज किती सरकते?" माझ्यासारखा माणूस 'जरासं' म्हणाला असता. पुतळीने टेबलावर चिंधी पसरली. डॉक्टरणीने एकेका रंगावर बोट ठेवलं, आणि हसूनच विचारलं, "आजी, समुद्रावर गेला होता का?"

मग तिने समजावून सांगितलं. ही कुत्र्यामांजरांच्या पोटातल्या जंताची अळी. त्यांच्या घाणीतून वाळूत येते, ओलीत जगते आणि उघड्या पायातून कातडीत शिरते. माणसाच्या अंगात तिला पुढची वाट सापडत नाही, म्हणून कातडीखालीच भटकत राहते. गोळ्यांनी मरेल.

"कोणी ब्लेड नाही ना लावलं?" ती म्हणाली. "रेघ संपते तिथे अळी नसतेच, ती पुढे गेलेली असते. कापून हाती काही लागत नाही. आणि तुमच्या शुगरमध्ये जखम चिघळली असती, तर पायावर बेतलं असतं."

मी पंख्याकडे पाहू लागलो.

"नाही बाई," पुतळी म्हणाली. "आमच्या घरी समदे समजदार हायेत."

बाहेर आल्यावर मात्र बसस्टँडपर्यंत तिने मला 'चाला समजदार, इकडून समजदार' करत नेलं. मी ऐकून घेतलं आणि चहा पाजला.

तीन दिवसांच्या गोळ्यांनी रेघ जागीच थांबली, मग वाळून गेली. चिंधी अर्धी कोरी राहिली. "अजून दोन रंग बसले असते," ती हळहळली. डॉक्टरणीने चप्पल घालायला बजावलं होतं, तेव्हा "घालीन" म्हणाली होती. समुद्रावर घालीन, असा तिचा अर्थ होता.

पुढे दोन हंगाम ती वावरात चालत गेली. ती पुढे, मी मागे. वाटभर तिची बडबड, मी हूं हूं करणार. बरं चाललं होतं आमचं.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून आली, ओट्यावर बसली आणि छातीत कळ आली. मुलगी पोहोचायच्या आत पुतळी गेली. बायका तिला न्हाऊ घालायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, पाय मी धुतो. कोणी नाही म्हटलं नाही. उजवा तळवा हातात घेऊन मी उजेडाकडे वळवला. भेगा होत्या, भेगांत वावराची काळी माती होती. कापल्याची खूण कुठेच नव्हती.