चारचा च, पाचचा च

दादा,

ऑगस्टमध्ये सांगलीहून निघताना इरा आधीच गाडीत जाऊन बसली होती. आई काचेपाशी आली तरी तिनं मान वर केली नाही. तू विचारलंस, "हिला काय झालं गं?" मी म्हटलं, झोप आलीय.

खरं म्हणजे तुझ्या पोरांनी तिच्या 'चटणी'ला आठवडाभर हसून घेतलं होतं. चटणीतला च ती चहातल्यासारखा म्हणायची. विमानात म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट स्पीकिंग इट अगेन." कॉव्हेंट्रीला आल्यापासून फोनवर 'हाय आजी, बाय आजी', की धावत वर रूममध्ये. मी उच्चार सुधारायला गेले की चिडायची, "सेम लेटर आहे ना?" मी नुसतं पुन्हा म्हणून दाखवायचे.

हाफ-टर्मच्या सुट्टीत तिची मैत्रीण अनेश्का आमच्याकडे खेळायला आली. संध्याकाळी तिची आई लेंका तिला न्यायला आली. लेंका मूळची चेक रिपब्लिकची. मी त्यांच्यासाठी डब्यात लाडू भरत होते. "तीन, चार, पाच..."

"थांब, पुन्हा म्हण," लेंका इंग्लिशमध्ये म्हणाली. "हे दोन वेगळे आवाज आहेत! आम्ही दोन अक्षरं लिहितो यांना." तिनं फ्रिजवरच्या बोर्डवर c आणि č काढलं. नुसता c पाचमधला. डोक्यावर टोपी असलेला चारमधला.

मी हसले. "नाही गं, आमचा च एकच." आणि हळूच म्हणून पाहिलं. चार. पाच. जीभ दोन वेगळ्या जागी लागली. मी हातातला डबा खाली ठेवला. दादा, जन्मभर हे माझ्या तोंडात होतं आणि मला पत्ताच नव्हता!

इरा बोर्डपाशी गेली. "आई, चटणी?"

"नुसता."

"चिंच?"

मी म्हणून पाहिलं. "आधी टोपीवाला, मग नुसता."

"इन वन वर्ड?" ती खिदळायलाच लागली.

रविवारी आईचा फोन आला. माझे हात कणकेत होते, म्हणून इरानं उचलून स्पीकरवर टाकला. "आज चटणी कुठली केलीस?"

पलीकडून आई म्हणाली, "सुमे, सर्दी झालीय का गं? आवाज लहान पोरीसारखा येतोय."

"आजी, मी इरा!"

आईनं तिला पुन्हा 'चटणी' म्हणायला लावलं.

घर म्हणजे सांगली आणि कॉव्हेंट्री म्हणजे नुसता पत्ता, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या दिवशी मात्र याच पत्त्यावर सांगली ऐकू येत होती. त्या दोघी किती तरी वेळ बोलत होत्या, आणि एका शब्दासाठीही मला मध्ये पडावं लागलं नाही. कणकेच्या हातांनी मी किचनच्या दारातच खाली बसले.