दोर तुटला की गाठ सुटली

सगळी गल्ली तिला पीळआत्या म्हणायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली बाई. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, दोर वळणं बाईमाणसाचं काम नव्हे, चाक विकून टाक. आत्यानं चाक ठेवलं आणि दिरांशी बोलणं टाकलं. तेव्हापासून तीस वर्षं ती लांबलचक पत्र्याच्या छपराखाली, कमरेला तागाचा गुंडाळा बांधून, दोर सोडत उलटी चालत आलेली. पलीकडच्या टोकाला भाचा चाक फिरवायचा. तिच्या तळहातावर काडी ओढली असती तर पेटली असती.

एकच गोष्ट तिला डाचायची. मोठा कप्तान.

दोनशे वर्षांपूर्वी हा कप्तान इथल्याच बंदरातून निघाला आणि कुठल्या नकाशावर नव्हती ती बेटं त्यानं नकाशावर आणून बसवली. गावात त्याच्या नावाची शाळा, त्याच्या नावाचा पूल, साबणसुद्धा त्याच्याच नावाचा. पण तिसऱ्या सफरीत, वादळात, जहाजामागं बांधलेली होडी अकरा खलाशांसकट वाहून गेली. कप्तानानं वहीत लिहिलं, 'होडी मी माझ्या हातांनी बांधली होती. दोर तुटला.' दोर होता या गल्लीचा. झालं! कप्तान पुढं जाऊन अमर झाला आणि गल्लीच्या कपाळी तुटका दोर आला. पोरीचं लग्न ठरलं तरी लोक हसायचे, "ओढून बघा हो आधी, दोरवाल्यांची आहे!"

तर या कप्तानाचा पुतळा उभारायचं ठरलं. चौथऱ्याभोवती जाडजूड दोर लावायचा होता, म्हणून नगराध्यक्षांनी आत्याला नमुना घेऊन बोलावलं. भाच्यानं वाटेतच हात जोडले, "आत्या, तिथं तोंड उघडू नकोस. एवढं मोठं काम परत यायचं नाही."

"मी काय चावते का कुणाला?"

सभागृहात पुतळ्याचा मातीचा नमुना मांडला होता. कप्तान वाकून दोन दोरांची गाठ मारतोय. खाली पाटीवर कोरायची ओळ कागदावर लिहून चिकटवलेली: 'दोर तुटला, धीर सुटला नाही.'

आत्यानं ती वाचली. मग तिची नजर गाठीवर गेली आणि तिथंच खिळली.

"ही गाठ कुणी केली?" तिनं शिल्पकाराला विचारलं.

"माझ्या मनची नाही हं," तो कौतुकानं म्हणाला. "कप्तानानं दोन दोर जोडून होडी बांधली त्या संध्याकाळी स्वतः वहीत या गाठीचं चित्र काढलंय. वेढ्याला वेढा तंतोतंत उतरवलाय मी."

"तंतोतंत?"

"शपथेवर सांगतो!"

"उजवं डाव्यावर, आणि पुन्हा उजवंच डाव्यावर." आत्या एकदम हसली. "अगं बाई! ही गाठ शेळीसुद्धा सोडवते. साहेब, दोर तुटलाच नव्हता. गाठ सुटली होती."

नगराध्यक्ष खुर्चीत ताठ झाले. "बाई, दोनशे वर्षांपूर्वी तुम्ही बघायला होतात?"

"तुम्ही होतात दोर तुटताना?"

भाच्यानं डोळे मिटून घेतले. आत्यानं सोबत आणलेला नमुन्याचा दोर मधोमध कापला, दोन तुकडे पुतळ्यातल्यासारखेच बांधले. एक टोक भाच्याला दिलं, दुसरं शिल्पकाराला. "ओढा. झटके द्या, लाट आल्यासारखे."

तिसऱ्या झटक्याला गाठ घसरली आणि शिल्पकार फायलींच्या कपाटावर जाऊन आदळला. आत्यानं दोर उचलून अध्यक्षांच्या नाकासमोर धरला. "बघा, एक धागा तरी तुटलाय? अकरा माणसं याच्या गाठीनं गेली आणि शिव्या आम्ही खाल्ल्या. ती ओळ काढा."

"तो आपला मानबिंदू आहे, बाई."

"असू द्या की. बेटं त्यानं शोधली, मी कुठं नाही म्हणते? पण गाठ त्याला येत नव्हती."

ओळ निघाली नाही. मतदान झालं, सगळे हात कप्तानाच्या बाजूनं वर गेले. "मग दोर दुसरीकडून आणा," म्हणून आत्या निघून आली. महिनाभर भाचा तिच्याशी धड बोलला नाही.

पुतळा उभा राहिला, खाली दगडात तीच ओळ कोरली गेली, भोवती दोराऐवजी साखळी आली. दुसऱ्याच सकाळी आत्या दोन दोर घेऊन चौथऱ्याखाली हजर. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "वरची गाठ बघा. आता ही ओढा." तक्रार गेली, नगरपालिकेचा रखवालदार आला. "आत्या, उठा. नाहीतर बांधून न्यावं लागेल."

"ने की. पण गाठ नीट मार."

जमलेले लोक खो-खो हसले. रखवालदारानंही मग ओढून बघितलं. दोनदा बघितलं.

पुढं खलाशांच्या शाळेचे मास्तर वर्ग घेऊन यायला लागले, कुठली गाठ मारायची नाही ते दाखवायला. बंदरावर कुणी आपली चूक दुसऱ्यावर ढकलली की लोक म्हणू लागले, "मारली का कप्तानाची गाठ?" दोरवाल्यांच्या पोरींची थट्टा करायची कुणाची छाती होईना.

"आता पुरे झालं ना, आत्या?" एकदा भाच्यानं विचारलं. "सगळं गाव तुझ्या बाजूनं आहे."

"गाव आहे," आत्या दोर खांद्यावर टाकत म्हणाली. "दगड अजून खोटंच बोलतोय." आणि पायांत चपला सरकवून ती पुतळ्याच्या दिशेनं चालू लागली.