वाकू नका म्हणणारा क्लोव्हिस

क्लोव्हिस रोशॉन कार्निव्हलमध्ये चित्ररथ ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. चित्ररथावर मुखवटे घालून उभी राहायची ती बडी मंडळी, डॉक्टर, वकील, मोटारींच्या शोरूमचे मालक. ते वरून मण्यांच्या माळा फेकणार, खाली लोक हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडणार, आणि त्या सगळ्यांकडे पाठ करून क्लोव्हिस आपला पुढे बसलेला. न्यू ऑर्लिन्समध्ये ट्रॅक्टरवाल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. बायकोला, अर्लीनला, तो ऐटीत सांगायचा, "कार्निव्हलचा राजा कुणी का होईना, थांबतो तो माझ्या ब्रेकवर."

एका रविवारी भर दुपारी नेपोलियन अव्हेन्यूच्या वळणावर मागून शिट्ट्या वाजल्या. क्लोव्हिसने ब्रेक दाबला. हाताला, पायाला, सीटला काहीसुद्धा जाणवलं नव्हतं. खाली उतरून पाहतो तर रथाच्या चाकापाशी एक बाई पडलेली. कॅन्ससहून आलेली, डोरिस केलम नावाची शाळामास्तरीण. कडेला पडलेली माळ उचलायला वाकली होती, मागून रेटा आला आणि पाय चाकाखाली गेला.

ती रडत नव्हती. "माझा बूट कुठाय?" एवढंच विचारत होती. क्लोव्हिस गुडघ्यांवर बसून बूट शोधायला लागला. काय करावं ते कळत नसलं की माणूस सांगितलेलं काम करतो. बूट सापडला, पण तो तिला द्यायच्या अवस्थेत राहिलेला नव्हता.

मिरवणूक थांबली तसे पलीकडचे लोक कावले. "ए ट्रॅक्टरवाल्या, हलव की! झोपलास काय?" मागच्या रथावरच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं, त्यांच्या माळा पडतच होत्या. एक माळ डोरिसच्या पोटावर येऊन पडली. गर्दीतून एक हात पुढे आला आणि ती उचलून घेऊन गेला.

डोरिसचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. पोलिसांनी चौकशी केली, क्लोव्हिसचा दोष नाही म्हणाले. मिरवणूक काढणाऱ्या क्लबच्या कॅप्टननेही त्याला घरी बोलावून कॉफी पाजली.

"तुझी चूक नाही, क्लोव्हिस. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग पुढच्या वर्षी येऊ ना?"

"लोकांच्या लक्षात चेहरा राहतो रे," कॅप्टन म्हणाला. "आणि कार्निव्हल म्हणजे आनंदाचा सण."

पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवर दुसराच माणूस बसला. क्लोव्हिस घरी बसेल असं अर्लीनला वाटलं होतं. पण पहिल्या मिरवणुकीच्या सकाळी तो कोट चढवून निघाला आणि त्याच वळणावर जाऊन उभा राहिला. बाहेरगावचा माणूस ओळखायला त्याला वेळ लागत नसे. नवी कोरी चप्पल, हातात फोन, नजर भलतीकडे.

"चप्पल घालून आलात? बोटं फुटतील. आणि माळ खाली पडली तर वाकू नका. आधी तिच्यावर पाय ठेवा, रथ पुढे जाऊ द्या, मग उचला. नजर कायम वर. वरून फेकतात त्यानं दातसुद्धा पडतात. दोन रथांच्या मधून पलीकडे जायचं नाही, मेलात तरी नाही. मुलांना शिडीवर बसवणार असाल तर शिडी जेवढी उंच तेवढी कडेपासून मागे. फोन लागत नाहीत इथे, चुकलात तर भेटायचं कुठं ते आत्ताच ठरवा. आणि त्या चर्चच्या मागे संडास आहे, तिथे आत्ताच जाऊन या."

काहीजण ऐकून घेत, थँक्यू म्हणत. बरेचसे हसत. गल्लीतले लोक मात्र वैतागले. वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर खुर्च्या मांडून बसणारी मिस वर्बिना तोंडावर म्हणायची, "आला यमाचा जावई. अरे, आमच्या तोंडचा घास तरी गोड लागू दे!"

"तुम्ही खा ना. मी त्या पोरीला सांगतोय, मागे सरक म्हणून."

"पाय घेतलास एकीचा, आता सगळ्यांचे सांभाळत बसलायस!"

तिच्या भोवतीचे सगळे खो खो हसले. क्लोव्हिस दोन पावलं बाजूला झाला आणि पुढच्या माणसाला सांगू लागला.

एका पर्यटकाने त्याचा व्हिडिओ काढला. क्लोव्हिस बोट नाचवत, घसा ताणून "वाकू नका! वाकू नका!" ओरडतोय, आणि त्याच्या मागे शंभर माणसं वाकलेली. तो व्हिडिओ गावभर फिरला. पोरं रस्त्यात त्याला पाहून बोटं नाचवू लागली. दुकानात पाव घ्यायला गेला तरी काउंटरवरची मुलगी ओठ दाबायची.

त्यातून पुढचं घडलं. थट्टेचे रथ काढणारा एक क्लब होता. महापौर, खड्डे, विजेची बिलं, कुणालाही ते सोडत नसत. पुढच्या कार्निव्हलला त्यांच्या रथावर आलं कागदाच्या लगद्याचं घराएवढं मोठं डोकं. पांढऱ्या भुवया, लोंबते कान, मोटरवर हलणारं एक भलंमोठं बोट. खाली रंगवलेलं, 'वाकू नका!' आणि रथावरून माळांच्या जोडीला फेकत होते रबराचे पाय. बोटांना लाल रंग लावलेले.

क्लोव्हिस कोपऱ्यावरच उभा होता. रथ समोर आला, मिस वर्बिना खुर्चीवर चढून किंचाळली, "अरे, हा तर आपला म्हातारा!" त्याच्या अंगावर पाय पडत होते. आजूबाजूला बायाबापड्या ते पाय उचलायला अक्षरशः जमिनीवर लोळत होत्या. "मागे व्हा," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला की मनातल्या मनात, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

तो वर बघत होता. त्या डोक्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, अगदी त्याच्यासारखी. त्याला लहानपणी कुत्रा चावलेला, ती खूण कान झाकणाऱ्या टोपीखाली असायची. रस्त्यावर ती कुणी पाहिलेली नव्हती, व्हिडिओतही नव्हती.

सोमवारी मुलीकडे जेवायला जायचं ठरलेलं असे, लाल घेवडा आणि भात. जावई डेझमंड रथांच्या कारखान्यात पुतळे घडवायचा. क्लोव्हिस टेबलापाशी बसला आणि टोपी काढली.

"कान कुणी केला?"

डेझमंडने चमचा खाली ठेवला. मुलगी रोझलिन सिंककडे तोंड करून उभी राहिली.

"मी केला," डेझमंड म्हणाला. "पप्पा, मी नसता केला तर दुसऱ्या कुणी केला असता. निदान मी नीट तरी केला."

"तुला माहीत होतं, रोझलिन?"

"सगळ्या गावाला माहीत होतं, बाबा. मी काय करणार होते? तुम्हीच तर तिथे जाऊन उभे राहता. कोण सांगतं तुम्हाला? पाय गेला त्या बाईनं तरी सांगितलंय का?"

अर्लीन म्हणाली, "पुरे आता, जेवू दे त्याला."

पण क्लोव्हिस उठला होता. त्या घरी तो पुन्हा जेवला नाही. रोझलिनने एकदोनदा बोलावलं, मग तिनेही सोडून दिलं.

दुसऱ्याच दिवशी मार्डी ग्रा होता, सगळ्यात मोठा दिवस. क्लोव्हिस गेला. आता सगळे ओळखायचे. "ते बघ, पायवाले आजोबा! आजोबा, एकदा बोट नाचवा ना!" खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत, त्याच्या गळ्यात रबरी पाय अडकवत, आणि रथ आला की त्याच्याच पुढ्यात वाकत. दुपारपर्यंत त्याने कुणालाही काही सांगितलं नाही.

मग एक वयस्क जोडपं आडरस्त्यावर गाडी थांबवून त्याच्याकडे आलं. साधी माणसं होती, बाईच्या हातात काठी. त्यांनी व्हिडिओ पाहिलेला नव्हता. नवऱ्याने अदबीने विचारलं, "साहेब, गाडी कुठे लावावी? आणि हिला बसून बघता येईल अशी जागा आहे का जवळ?"

चर्चचं अंगण मागेच होतं. तिथे बाक होते, सावली होती, गाडीलाही जागा होती.

क्लोव्हिसने खालच्या अंगाला बोट दाखवलं. "त्या गल्लीत लावा. तिथून सरळ चालत जा, नदीपर्यंत. तिकडून झकास दिसतं."

त्या गल्लीतल्या गाड्या पोलीस उचलून नेत होते. नदीकडे मिरवणूक जातच नव्हती. "देव तुमचं भलं करो," म्हातारी म्हणाली, आणि काठी टेकत निघाली. ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत क्लोव्हिस पाहत राहिला.

घरी आल्यावर अर्लीनने विचारलं, "कसा गेला दिवस?"

"बरा गेला," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने भात दोनदा मागून घेतला.