खाटेखालचा बेंजो

कार्यक्रम संपला की कोणीतरी हटकून विचारतं, "तुमचं घराणं कुठलं?" मी सांगते, "मुलुंड पूर्व, बैठी चाळ, नळाच्या बाजूची शेवटची खोली." विचारणारा हसतो. त्याला वाटतं, बाई विनोद करतेय. विनोद कसला डोंबलाचा! मी गाण्यांना चाली लावते, मुलांच्या नाटकांना संगीत देते, बाहुल्या शिवते आणि त्यांचे खेळ करते, आणि अजूनही कोणी गळ घातली तर दुकानाची पाटी रंगवून देते. हे सगळं त्या खोलीत सुरू झालं. समोर बसवून मला कोणी शिकवलं नाही. आमच्या चाळीच्या भिंतीच तेवढ्या पातळ होत्या.

बाबा भजनाचे बुवा होते. दिवसा कारखान्यात फिटर, आणि सोमवारी-गुरुवारी कामावरून आले की हातपाय धुऊन बुवा. कोकणातल्या आमच्या वाडीतली जी माणसं मुंबईला आली होती, त्यांचं भजनी मंडळ आमच्या खोलीत जमायचं. खोलीत बारा माणसं, एक पखवाज, झांजा, आणि मध्ये पेटी. आई आणि मी मोरीपाशी. बाबांनी ओळ म्हटली की मागचे सगळे ती उचलायचे. कोणी खूण करत नसे. बुवांनी ओळ दोनदा म्हटली की तिसऱ्यांदा कोरसची, हे अंगात भिनलेलं. बाबांचा आवाज असा चढा, की पलीकडच्या सोसायटीतले गुजराती शेठ गॅलरीत येऊन उभे राहायचे. तक्रार करायला नव्हे, ऐकायला.

ती पेटी आमची नव्हती. मंडळाची होती, पण राहायची बुवांच्या घरी. तसा रिवाजच होता. देवघराखालच्या कोपऱ्यात, पाटावर, आईच्या जुन्या लुगड्याच्या खोळीत. घरी असले की दिवेलागणीला बाबा खोळ काढून मऊ फडक्याने एकेक पट्टी पुसायचे. बाबा सेकंड शिफ्टला असले की पेटी माझी. कोणी नाही म्हणालं नाही, कोणी हो पण म्हणालं नाही. लहानपणी नुसता भाता हलवायचे, मग एक बोट, मग पाच. बाबांनी एकदा दारातूनच ऐकलं आणि चपला काढता काढता म्हणाले, "काय गो, कोणाची चाल?"

"माझी."

"खिचडी झाली हा," असं म्हणून ते मोरीत गेले. आमच्या घरात खिचडी आजारी माणसाला करतात, त्यामुळे ही काही शाबासकी नव्हती.

पण खिचडी होणारच ना! नाल्यापलीकडे माझी वर्गातली मैत्रीण राहायची. त्यांच्या वस्तीत एप्रिलमधल्या जयंतीची तयारी महिनाभर आधी सुरू व्हायची. मैत्रिणीची आई महापालिकेच्या शाळेत बाई होत्या आणि दर जयंतीला नवं गाणं लिहायच्या. त्यांच्या अंगणात मी ढोलकी ऐकली आणि वेडी झाले. पखवाज बोलतो तो देवळातल्यासारखा, गंभीर. ढोलकी म्हणजे दोन बहिणींचं भांडण, एक बोलायची थांबते तोवर दुसरी सुरू. बाईंनी एकदा गाण्याचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बघ गं, तुला काही सुचतंय का." मला सुचलं. माझी पहिली चाल त्यांच्या गाण्याला लागली, वस्तीतल्या पोरींनी ती स्टेजवर म्हटली, आणि मी खाली उभी राहून नखं खात होते. बाई मला म्हणाल्या, "झकास झालंय, पण चाल शब्दांच्या पुढे पळते बघ. तिला म्हणावं, मागून ये." हे मी आजही स्वतःला सांगते.

नवरात्रात सोसायटीतला गरबा. आम्ही कुंपणाच्या अलीकडे नाचायचो. दहावीनंतर घातलेला टायपिंगचा क्लास, तिथे तीस मशीनं एकदम चालायची आणि सर डस्टर आपटून लय द्यायचे. बाकीच्या मुली नोकरीसाठी जायच्या, मी त्या डस्टरसाठी. सरांनी आईला बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पण कागदावर काय उमटतंय ते बघतच नाही." आईने मला रस्त्यातच धपाटा घातला.

बेंजो आला तो घाटकोपरहून. तिथल्या एका बेंजो पार्टीला आपल्या हातगाडीवर नाव आणि मोर रंगवून हवा होता, आणि मी तेव्हा चाळीच्या गणपतीचे पडदे रंगवायचे म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं. मोर झाला. कोंबड्यासारखा झाला, पण रंगीत झाला. पार्टीच्या मुख्य काकांनी मला त्यांचा जुना बेंजो देऊन टाकला. लाकडी खोकं, वर पत्रा, तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. मी तो छातीशी धरून घरी आणला. बाबांनी बघितला. लग्नाच्या वरातीत वाजणारी वस्तू, ती बुवांच्या घरात!

"तो पत्र्याचो डबो खाटेखाली ठेव. देवाच्या बाजूक नको," एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. मी ठेवला खाटेखाली. रागाने इतका आत सरकवला की काढताना माझाच घाम निघायचा.

त्याच वर्षी बाबांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. आई हॉस्पिटलच्या जिन्यावरच बसून रडली, आनंदाने. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल हळूहळू, पण गाणं विसरा. बाबांनी मान हलवली, जसं काही कोणी सांगितलंय की पान खाऊ नका.

घरी आले ते कुजबुजतच. पुढे कायमच कुजबुज राहिली. नुसती हवा, तिच्यात शब्द शोधावे लागायचे. मंडळाने त्यांचाच शिष्य बुवा म्हणून बसवला. हा मुलगा त्याच कारखान्यात कामाला होता, तरुण, गोड गळ्याचा. आता सरळ हिशेब असा की पेटी नव्या बुवाकडे जायची. पण इथेच सगळं अडलं. रिवाज असा, की पेटी मागायची नसते, जुन्या बुवाने आपल्या हाताने द्यायची असते. बाबांना वाटायचं, मागत नाहीत, म्हणजे अजून मला बुवा मानतात. मंडळाला वाटायचं, देत नाहीत, म्हणजे बुवांना आशा आहे, आवाज परत येईल. दोन वर्षं मंडळाने भांडुपहून कोणाची तरी उसनी पेटी आणून नव्या बुवाच्या खोलीवर भजनं केली, पण चकार शब्द काढला नाही. नवा बुवा दर महिन्याला यायचा, "बरंय ना बुवा?" म्हणायचा, चहा प्यायचा, कोपऱ्याकडे बघायचा नाही म्हणून मान अवघडेपर्यंत दाराकडे बघायचा, आणि जायचा. आई म्हणायची, "एक शाणो, दुसरो दीडशाणो."

आणि बाबा रोज दिवेलागणीला पेटी पुसायचे. पुसून झाली की क्षणभर भाता उघडा धरायचे. वाजवायचे नाहीत. मग खोळ घालायचे. मला पेटी जायला नको होती, दोन्ही कारणांनी. ती गेली की बाबा बुवा राहणार नव्हते, आणि माझे सूर मी शोधायचे कशावर? बेंजो होता, पण जे सुचायचं ते आधी पेटीवरच सुचायचं.

मी वाजवायला बसले की बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला वाटायचं, त्यांना सहन होत नाही. मी आईला म्हटलं, बंद करते मी हे. आई भाकरी थापत म्हणाली, "बंद केलंस तर बघ. घरात आवाज तरी कोणाचो येतलो?" म्हणून मी वाजवत राहिले. त्या दिवसांत एक लांबलचक चाल रचत होते. सुरुवात बाबांच्या भजनाच्या वळणाने, मग ती नाला ओलांडून ढोलकीत शिरायची, तिथून कुंपणाकडे गरब्याला, आणि फिरून घरी. शब्द नव्हते. प्रत्येक वळणाआधी मी एक श्वास थांबायचे, कारण तिथे मला स्वतःलाच भीती वाटायची.

मग ते गणपती आले. आमच्यातले बरेचसे गावी गेलेले. जे राहिले त्यांचं भजन चाळीच्या मांडवात दुपारी ठरलेलं. सकाळीच नवा बुवा आमच्या दारात उभा. शर्ट घामाने चिकटलेला. भांडुपची पेटी गणपतीसाठी दुसऱ्याच मंडळाने नेली होती, आणि त्या दिवसांत मुंबईत मोकळी पेटी मिळणं म्हणजे काय विचारू नका. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरंय ना बुवा?" महिना भरायच्या आधीच आला होता, त्यातच सगळं आलं.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग उठले, कोपऱ्यात गेले, आणि भरसकाळी पेटी पुसायला बसले. आईने गॅस बारीक केला. पुसून झाल्यावर बाबा कुजबुजले, "दुपारी पेटी घेवन मांडवात येतंय." तो पाया पडला आणि पळाला. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सुटलो बिचारो." कोण सुटला ते काही सांगितलं नाही.

दुपारी बाबांनी पेटी स्वतः उचलून नेली. मला म्हणाले, चल. मला वाटलं, सतरंजी धरायला. मांडवात मंडळ बसलेलं, नवा बुवा मध्ये जागा करून. बाबांनी पेटी त्याच्यासमोर ठेवली नाही. माझ्यासमोर ठेवली. स्वतः झांज घेऊन कोरसमध्ये जाऊन बसले.

"वाजय," ते म्हणाले. "तुझी ती खिचडी."

अगं बाई! माझी अशी वाट लागली म्हणून सांगू. आमच्या मंडळात बाई कधी पेटीवर बसली नव्हती. पखवाजवाले काका माझ्याकडे, मग बाबांकडे, मग गणपतीकडे बघायला लागले. पण बुवांचा शब्द होता, आणि तो कुजबुजून आला म्हणून हलका झाला नव्हता. मी भाता सोडला.

पहिलं वळण त्यांच्या ओळखीचं होतं, माना हलल्या. मी ओळ दोनदा वाजवली, आणि तिसऱ्यांदा, देवाशपथ सांगते, कोरसने ती उचलली. शब्द नव्हते तर त्यांनी "विठ्ठल विठ्ठल" घातलं. सवयच ती. पण पुढे ढोलकीचं वळण होतं. आता खिचडी सांडणार, असं मनात म्हणत मी श्वास थांबवला.

झांज थांबली. माझ्या आधी नाही, माझ्या नंतर नाही, माझ्याबरोबर. आणि मी नाला ओलांडला तेव्हा झांज नव्या ठेक्यात माझ्याबरोबर पलीकडे उतरली. पखवाजवाले काका बाबांच्या हाताकडे बघून वाजवू लागले. गरब्याच्या वळणावरही तसंच. एकही जागा चुकली नाही. मी मान वर केली. बाबा डोळे मिटून वाजवत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती चाल मी कोणालाच शिकवली नव्हती. तेव्हा मला कळलं, दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडलेला हा माणूस झोपत नव्हता.

मी कशीबशी चाल घरी आणली. मला पट्ट्या दिसत नव्हत्या.

बाबा उठले. पेटीचा भाता त्यांनी स्वतः मिटला, कडी लावली, पेटीला हात लावून कपाळाला लावला, आणि उचलून नव्या बुवाच्या मांडीवर ठेवली. तो हमसून हमसून रडायला लागला, एवढा घोडा असून. आई मागून ओरडली, "रडतास काय रे? भजन म्हण! बाप्पा ताटकळलो हा!" मग सगळे हसले आणि भजन सुरू झालं. बाबा शेवटपर्यंत कोरसमध्ये बसले होते.

संध्याकाळी घरी आलो. कोपऱ्यात नुसता पाट होता आणि त्याच्यावर आईच्या लुगड्याची रिकामी खोळ. आईने देवापुढे दिवा लावला. बाबांनी सवयीने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि कोपऱ्याकडे वळले, आणि तिथेच थांबले. फडकं हातात तसंच. मला त्यांच्याकडे बघवेना, मी उगाच तांदूळ निवडायला घेतले.

मग खाट सरकल्याचा आवाज आला. बाबा गुडघ्यांवर बसून खाटेखाली हात घालत होते. मी फारच आत सरकवला होता, त्यांना दम लागला. बेंजो बाहेर आला, धुळीसकट. बाबा त्याला घेऊन दिव्यापाशी बसले आणि एकेक बटण पुसू लागले, पेटीची पट्टी पुसायचे तसंच, कडेकडेने, सावकाश. तारा पुसल्या, पत्रा पुसला. मग तो त्यांनी पाटावर ठेवला, देवाच्या खाली. बोटाने एक तार छेडली, कान जवळ नेला, आणि तोंड वाकडं केलं.

"ह्येचो सूर उतरलो हा गो," ते कुजबुजले. "ये, लाव बघू."